तेव्हा कॅमेरा कुणाच्या हातात होता?

१९५२ सालच्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये एक मूकपट दाखवला गेला. प्रेक्षकांत बहुतेक डॉक्टर आणि नर्स. पडद्यावर लॉरा नावाची जेमतेम अडीच वर्षांची मुलगी. हर्नियाच्या साध्या ऑपरेशनसाठी ती आठ दिवस हॉस्पिटलमध्ये आहे आणि तिथल्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे आईला तिच्याजवळ राहायची मुभा नाही. अधूनमधून थोड्या वेळाची भेट, बस्स.

लॉरा आकांत वगैरे करत नाही. खरं तर फिल्म अंगावर येते ती त्यामुळेच. ती शहाण्यासारखी बसून राहते. मधेच तिचा चेहरा कसानुसा होतो, ओठ थरथरतात, आणि मग ती ते रडू गिळून टाकते. आई कुठंय, असं ती विचारते, पण अगदी हळू, सहज विचारल्यासारखं. दिवस जातात तशी आई भेटायला आली की ती धावत जायच्याऐवजी तोंड फिरवते. शेवटच्या दिवशी घरी निघताना आपलं सगळं सामान गोळा करते आणि आईचा हात मात्र धरत नाही.

ही फिल्म काढणारा जेम्स रॉबर्टसन डॉक्टर नव्हता, सिनेमावालाही नव्हता. युद्धाच्या काळात तो ॲना फ्रॉइडच्या पाळणाघरात बॉयलर आणि पडेल ती कामं बघायचा. नंतर टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बीसोबत काम करताना तो मुलांच्या वॉर्डांत जायला लागला. तिथल्या गप्प मुलांना डॉक्टर ‘रुळलेली मुलं’ म्हणत. रॉबर्टसनला ती मोडलेली दिसत होती. त्याचं कुणी ऐकेना. तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदाच मूव्ही कॅमेरा हातात घेतला. तू मुद्दाम वाईट क्षण निवडलेस असा आरोप होणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून मूल निवडलं ते वेटिंग लिस्टमधून, चिठ्ठी काढावी तसं. रोज ठरलेल्या वेळी शूटिंग केलं आणि फ्रेममध्ये भिंतीवरचं घड्याळ ठेवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक लॉग एंट्रीला टाइमस्टॅम्प.

आरोप तरीही झालेच. सभागृहात बरेच डॉक्टर चिडले, हा आमच्या पेशाचा अपमान आहे म्हणाले. पण फिल्म फिरत राहिली. १९५९ साली ब्रिटिश सरकारच्या प्लॅट समितीच्या अहवालाने शिफारस केली की हॉस्पिटलमधल्या मुलांना आईवडिलांनी कधीही भेटता आलं पाहिजे. (खाटेखाली सतरंजी टाकून झोपलेली आई, उशाशी थर्मास, डब्यात मऊ भात, हे आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यातलं दृश्य आपल्याला अडाणीपणाचं वाटतं. तिकडे ते मिळवायला अहवाल लागला.)

पण या गोष्टीतला माझ्या डोक्यातून न जाणारा भाग वेगळाच आहे. काही महिन्यांनी लॉराने घरी त्या फिल्मचा थोडा भाग बघितला. चुकून, तिला दाखवायचा कुणाचा बेत नव्हता. पडद्यावर स्वतःला बघून ती भडकली, तेव्हा तू कुठे होतीस असं तिने आईला विचारलं आणि रडत वडिलांकडे गेली. आठ दिवस गिळलेला प्रश्न बाहेर पडला तो फिल्म बघितल्यावर. लहानपणच्या आघाताला कॅमेऱ्याच्या मदतीने सामोरं जाणं, या प्रकाराचा मला सापडलेला सगळ्यात जुना प्रसंग हा. आणि त्यात कॅमेरा त्या मुलीच्या हातात नव्हता.

हा इतिहास मी का खणत बसलो ते सांगतो. माझा एक कॉलेजचा मित्र आहे. हॉस्टेलला आम्ही शेजारच्या खोल्यांत होतो. मागच्या वर्षी त्याने मला एक एमपीफोर फाइल पाठवली. त्याच्या मावशीच्या लग्नाची सीडी, २००६ सालची. तुम्ही माझ्या वयाचे असाल तर अशी सीडी तुमच्याही घरात असेल: हॅलोजनच्या उजेडात डोळे मिचकावणारे पाहुणे, बदामाच्या आकारात फिरणारे नवरा-नवरी, मागे सिनेमाची गाणी. मित्राने खाली एवढंच लिहिलं होतं, एक तास बारा मिनिटांपासून बघ. पंगत चालू आहे. एक मध्यमवयीन माणूस मठ्ठा वाढतोय. वाढता वाढता तो एका नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो. मुलगा ताटाकडे बघत राहतो. अकरा सेकंद. मग बदाम येतो आणि दृश्य बदलतं.

तो माणूस त्याच्या घरी शिकवणीला यायचा. बाकीचं मी इथे लिहिणार नाही, ते सांगायचं की नाही हे मित्र ठरवेल. त्याला यावर डॉक्युमेंटरी करायची आहे आणि मी शनिवार-रविवारी हौसेने एडिटिंग करतो म्हणून त्याने मला विचारलं. मी लगेच हो किंवा नाही म्हणालो नाही. आधी हे लोकांनी कसं केलंय ते बघू, म्हणालो. इंजिनिअरची सवय, कोड लिहायच्या आधी जुनी रिपॉझिटरी चाळायची.

चाळल्यावर पहिली गोष्ट दिसली ती उपकरणांची. रॉबर्टसनच्या काळात फिल्मचा रीळ महाग, त्यामुळे कॅमेरा कायम बाहेरून येणार: डॉक्टरचा, सरकारचा, दिग्दर्शकाचा. १९६७ला सोनीचा पोर्टापॅक आला, खांद्याला अडकवायचा व्हिडिओ. १९८३ला घरगुती कॅमकॉर्डर. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांत पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वाढदिवस, ख्रिसमस, मुलाचं पहिलं पाऊल, सगळं टेपवर जमा होत गेलं. १९९९ला ॲपलने आयमूव्ही दिलं आणि ते जमा झालेलं कापायची कात्रीही घरात आली. या साखळीचा शेवट काय होणार हे कुणी ठरवलं नव्हतं. मुलं मोठी झाली आणि त्यांनी आपल्याच बालपणाच्या टेप उघडल्या.

२००३ साली एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन फिल्म तयार झाल्या. पहिली अँड्र्यू जरेकीची ‘कॅप्चरिंग द फ्रीडमन्स’. जरेकी खरं तर न्यूयॉर्कमधल्या वाढदिवसांना येणाऱ्या विदूषकांवर छोटी फिल्म करत होता. त्यातल्या एका विदूषकाच्या घरात भलतंच निघालं. १९८७ साली लाँग आयलंडवर त्याच्या वडिलांना आणि धाकट्या भावाला, घराच्या तळघरात चालणाऱ्या कॉम्प्युटर क्लासमधल्या मुलांवर अत्याचार केल्याच्या आरोपाखाली अटक झाली होती. खटला चालू असताना हा मोठा भाऊ घरातली भांडणं व्हिडिओवर टिपत होता. फिल्ममध्ये ती आहेत: जेवणाचं टेबल, आरडाओरडा, आई एकटी पडलेली. दोघांनीही गुन्हा कबूल केला होता, वडील १९९५ला तुरुंगात वारले, मुलगा १३ वर्षांनी सुटला आणि मी निर्दोष आहे असं म्हणत राहिला. २०१०मध्ये एका अपील कोर्टाने त्याला चुकीने दोषी धरलं गेल्याची शक्यता बोलून दाखवली. २०१३मध्ये सरकारी वकिलांच्या फेरतपासणीने शिक्षा योग्यच होती म्हटलं. तासन्‌तास फुटेज आहे आणि तळघरात काय घडलं ते त्यात कुठेच नाही. मित्राला मी ही फिल्म सगळ्यात आधी बघायला लावली. टेप म्हणजे पुरावा, असं ज्याला वाटतं त्याने ती बघावीच.

दुसरी जोनाथन काउएटची ‘टार्नेशन’. टेक्सासमधला हा मुलगा अकराव्या वर्षापासून स्वतःचं शूटिंग करत होता. आईला लहान वयात विजेचे झटके दिले गेले होते, तिचं उभं आयुष्य मनोरुग्णालयाच्या फेऱ्यांत गेलं, आणि हा कधी आजी-आजोबांकडे, कधी परक्यांच्या घरी. अकरा वर्षांचा जोनाथन कॅमेऱ्यासमोर नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं सोंग घेतो, ते बघताना घशाशी येतं. त्या वयाच्या पोराला हे कुठून माहीत? वीस वर्षांचं हे सगळं त्याने आयमूव्हीवर जोडलं. खर्च २१८ डॉलर ३२ सेंट. हा आकडा इतका गाजला की फिल्मपेक्षा तोच लोकांच्या लक्षात राहिला. (गाण्यांचे वगैरे हक्क घेताना पुढे खर्च कित्येक पटींनी वाढला, ते कुणी सांगत नाही.) माझं या फिल्मशी भांडण आहे. शेवटाकडे आईच्या मेंदूवर औषधाच्या अतिडोसाचा परिणाम झालेला असतो आणि ती एक छोटा भोपळा हातात घेऊन गाणं म्हणत, हसत राहते, कितीतरी वेळ. कॅमेरा हलत नाही. मुलाच्या आघाताची फिल्म आहे हे मान्य, पण त्या क्षणी आईला कुणी विचारलं होतं का?

विचारण्याचा हा प्रश्न पुढच्या फिल्ममध्ये हळूहळू मध्यभागी येतो. बिंग लिऊच्या ‘माइंडिंग द गॅप’मध्ये (२०१८) रॉकफर्ड या पडत्या काळातल्या औद्योगिक गावातली स्केटबोर्ड करणारी पोरं आहेत. आपण मित्रांची फिल्म करतोय असं बिंग स्वतःलाही सांगत असतो. मग सगळ्यांच्याच घरी मार होता हे दिसायला लागतं आणि एका टप्प्यावर तो आपल्या आईला खुर्चीत बसवून सावत्र वडिलांच्या मारहाणीबद्दल विचारतो. तिथे त्याने दोन कॅमेरे लावले आहेत, एक आईवर, एक स्वतःवर. आईला जितकं उघडं पाडायचं तितकंच आपणही पडायचं. दिग्दर्शक म्हणून मला हा सगळ्यात प्रामाणिक उपाय वाटतो, आणि तांत्रिक दृष्टीने तर किती सोपा: एक जादा ट्रायपॉड.

साशा जोसेफ न्यूलिंगरची ‘रिवाइंड’ (२०१९) आमच्यासाठी सगळ्यात जवळची. पेनसिल्व्हेनियातल्या घरात त्याच्या वडिलांना सतत शूटिंग करायची सवय होती. २०० तासांहून जास्त टेप. त्याच काळात दोन काका आणि एक चुलतभाऊ त्याच्यावर अत्याचार करत होते. टेपमध्ये दिसतं ते एवढंच की एक खिदळणारं पोर काही वर्षांत चिडकं, गप्प, स्वतःचा राग राग करणारं होत जातं. मोठा झालेला साशा त्या टेप पुन्हा बघतो आणि आईला, बहिणीला, त्या वेळच्या डॉक्टरांना, तपास करणाऱ्यांना भेटतो. वडिलांना भेटतो तेव्हा कळतं की हे दुखणं एका पिढीचं नाही, वडिलांचं बालपणही त्याच घरातलं होतं. कॅमेरा हा वडिलांचा आडोसा होता असं मला वाटत राहिलं. व्ह्यूफाइंडरमधून बघणारा माणूस खोलीत असतो आणि नसतोही.

‘रिवाइंड’मधला आणखी एक धागा आपल्याकडच्या वाचकाने नीट बघावा. लहान साशाला आपली हकीकत पोलीस, डॉक्टर, वकील, कोर्ट यांच्यापुढे पुन्हा पुन्हा सांगावी लागली. प्रत्येक वेळी नवी खोली, नवा अनोळखी माणूस. त्याच्या केसमधल्या सरकारी वकील बाईंच्या मनावर याचा परिणाम झाला आणि पुढे त्यांच्याच पुढाकाराने त्या परगण्यात असं केंद्र उभं राहिलं, जिथे मूल एकदाच बोलतं, मुलांशी बोलायचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाशी बोलतं, आणि बाकीचे दुसऱ्या खोलीतून ऐकतात.

हे सगळं बघून मित्राने विचारलं, माझ्याकडे तर अकरा सेकंद आहेत, मी काय करू?

प्रश्न बरोबर होता. आपल्या घरांत कॅमकॉर्डर नव्हता. शूटिंगवाला यायचा तो लग्नाला, मुंजीला, फार तर वास्तुशांतीला. आपल्या बालपणाचं चित्रीकरण म्हणजे नवे कपडे घालून, काकूच्या मांडीवर बसून, कुणीतरी हसायला सांगितल्यावर हसणं. साध्या मंगळवारची संध्याकाळ, शिकवणीची वेळ, बंद दार, याचं फुटेज कुणाकडेच नाही.

ज्याच्याकडे काहीच नाही त्याने काय केलं, याचं उत्तर कंबोडियात मिळालं. रिथी पान १९६४चा. ख्मेर रूजने नॉम पेन्ह घेतलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होत होता. पुढच्या चार वर्षांत उपासमारीत आणि सक्तमजुरीत आई, वडील, भावंडं गेली. १९७९ला तो थायलंडच्या छावणीत पोचला, मग पॅरिसला, तिथे सिनेमा शिकला. त्या काळातलं जे चित्रण शिल्लक आहे ते सगळं राजवटीचं स्वतःचं: शिस्तीत चालणारे मजूर, हसणारे नेते. उपाशी पोराच्या नजरेतून घेतलेली एकही फ्रेम नाही. ‘द मिसिंग पिक्चर’ (२०१३) या फिल्ममध्ये त्याने मातीच्या छोट्या बाहुल्या करवून घेतल्या. वडिलांना पांढरा सूट, लहान रिथीला ठिपक्यांचा रंगीत शर्ट. भातखाचरं, झोपड्या, दवाखाना, सगळं टेबलावर मांडलं. बाहुल्या हलत नाहीत. फिरतो तो फक्त कॅमेरा. प्रचारपटाच्या खऱ्या फुटेजमध्ये मधेच ती मातीची माणसं उभी राहतात आणि खरं काय नि खोटं काय हा प्रश्नच उलटा होतो. या फिल्मला कानमध्ये ‘अं सर्तां रगार’ विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पण त्याआधीच, २००६ साली, पानने नॉम पेन्हमध्ये बोफाना सेंटर हे दृकश्राव्य संग्रहालय उभं केलं होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपली फ्रेम नव्हती म्हणून दुसऱ्यांच्या फ्रेम जपायच्या.

आणि मग ‘प्रोसेशन’ (२०२१). रॉबर्ट ग्रीनने २०१८ साली कॅन्सस सिटीतली एक पत्रकार परिषद बघितली. लहानपणी कॅथलिक पाद्र्यांच्या अत्याचाराला बळी पडलेले, आता पन्नाशीच्या आसपासचे पुरुष वकिलाबरोबर बसले होते. त्याने त्यांच्यापुढे वेगळाच प्रस्ताव ठेवला: तुम्हीच लिहा, तुम्हीच दिग्दर्शन करा, मी सोबत राहतो. ड्रामा थेरपिस्ट पहिल्यापासून बरोबर. सहा जणांनी मिळून तीन वर्षांत छोटे प्रसंग चित्रित केले. एकाने घटनेऐवजी, त्याचं म्हणणं फेटाळणाऱ्या चर्चच्या चौकशी मंडळासमोरचा प्रसंग निवडला. तिथे तो मनसोक्त ओरडतो, शिव्या घालतो. ज्याचं प्रकरण कोर्टात असल्याने त्याला स्वतःचं काही बोलता येत नव्हतं, त्याने इतरांच्या प्रसंगांत भूमिका केल्या. पाद्र्याचीही. एक जण तळ्याकाठचं ते घर शोधत फिरतो. सगळ्यांच्या लहानपणीची भूमिका एकाच मुलाने केली आहे आणि शूटिंगच्या आधी ही मोठी माणसं त्याला पुन्हा पुन्हा विचारतात, तू बरा आहेस ना, नको असेल तर थांबू या. त्यांना त्या वयात हे कुणी विचारलं नव्हतं, हे फिल्ममध्ये वेगळं सांगायची गरजच पडत नाही.

याने माणूस बरा होतो का? मला फिल्मच्या शेवटी येणाऱ्या हळव्या संगीतावर विश्वास नाही, म्हणून थोडं संशोधन वाचलं. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या मुलांना चार रात्री रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या आघाताबद्दल लिहायला लावलं. लिहिल्या लिहिल्या मुलांना आणखी वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत, ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या होत्या ते दवाखान्यात कमी वेळा गेले. म्हणजे काहीतरी होतं, पण आधी त्रास होतो, आणि नुसती घटना सांगून भागत नाही. शिवाय वही कपाटात ठेवता येते. नेटफ्लिक्सवर गेलेली फिल्म परत घेता येत नाही. माझ्या मते ‘प्रोसेशन’चं यश पडद्यावर जे आलं त्यात थोडं, आणि तीन वर्षं ते सहा जण एकमेकांच्या सेटवर सुतारकाम करत, लाइट धरत उभे राहिले त्यात बरंच आहे.

आपल्याकडचा हिशेब छोटा आहे. २००७ साली महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारून अहवाल काढला, ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. त्याआधी २००० साली ग्रेस पूअरने ‘द चिल्ड्रन वी सॅक्रिफाइस’ ही घरातल्या अत्याचारावरची फिल्म भारत, श्रीलंका, कॅनडा आणि अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई बायकांना घेऊन केली होती. आपल्यापैकी फार थोड्यांनी ती बघितली असेल. बहुतेकांनी हा विषय घरात पहिल्यांदा ऐकला तो १३ मे २०१२च्या रविवारी सकाळी, ‘सत्यमेव जयते’च्या दुसऱ्या भागात. आमच्याकडे बाबा उठून गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले आणि आईने आवाज कमी केला, पण टीव्ही बंद केला नाही.

त्याच महिन्यात संसदेने पोक्सो कायदा मंजूर केला, १४ नोव्हेंबर २०१२पासून तो लागू झाला. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, पोलिसाने गणवेश घालायचा नाही, कोर्टात पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही, हे त्यात आहे. साशाला जे भोगावं लागलं त्याच्या बरोबर उलटं, निदान कागदावर. मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. म्हणूनच निशा पाहुजाच्या ‘टू किल अ टायगर’ (२०२२) या फिल्मवर आपल्याकडे प्रश्न उभे राहिले. झारखंडमधली तेरा वर्षांची मुलगी, गावातल्या लग्नाच्या रात्री तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, आणि तिचा शेतकरी बाप गावाच्या विरोधात उभा राहिला. मुलीचा चेहरा झाकायचा असं दिग्दर्शिकेने धरलं होतं. अठरा वर्षांची झाल्यावर मुलीने स्वतः ते फुटेज बघितलं आणि चेहरा दाखवायचा निर्णय घेतला.

मित्राने सध्या फिल्म बाजूला ठेवली आहे. तो एका थेरपिस्टकडे जातो. दर दुसऱ्या रविवारी मला फोन करतो आणि मी फोनवरच त्याचा आवाज रेकॉर्ड करून एका एन्क्रिप्टेड ड्राइव्हवर टाकतो. पासवर्ड त्याच्याकडे, माझ्याकडे नाही. लग्नाच्या सीडीतली ती अकरा सेकंदं त्याने वेगळी कापून ठेवायला सांगितली होती, बदामासकट.

पोक्सोच्या २६व्या कलमात आणखी एक ओळ आहे, माझ्या कामाशी संबंध असल्यामुळे माझं लक्ष तिथे अडकलं. शक्य असेल तिथे मुलाचा जबाब ऑडिओ-व्हिडिओवरही नोंदवावा. २०१२च्या शेवटी ज्या नऊ-दहा वर्षांच्या मुलामुलींनी असा जबाब दिला असेल, ती आता बावीस-तेवीसची आहेत. त्या सीडी, पेनड्राइव्ह कुठल्यातरी पोलीस ठाण्याच्या कपाटात नाहीतर कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये, गुन्हा नंबर लिहिलेल्या पाकिटात असतील. साध्या सीडीवरचा डेटा अशा कपाटात पंधरा-वीस वर्षांनी वाचता येईलच याची खात्री कुणी देत नाही.